अनोळखी उतारा आणि 'कशावरून?' हा प्रश्न

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त आयोजित विद्यार्थी-पालक मेळाव्यातील व्याख्यानाचा मजकूर)



परीक्षागृहात प्रश्नपत्रिका हाती पडल्यानंतरचा पहिला क्षण प्रत्येक घराच्या परिचयाचा आहे. विद्यार्थ्याची नजर प्रथम ओळखीचे काही शोधते. शिकवलेला धडा, पाठ केलेली कविता, सराव परीक्षेत येऊन गेलेला प्रश्न दिसला की जीव भांड्यात पडतो. परंतु भाषेच्या प्रश्नपत्रिकेत एक प्रश्न असा असतो की ज्यात ओळखीचे काहीच नसते. लेखक ठाऊक नाही, पुस्तक ठाऊक नाही, मागचा-पुढचा संदर्भ नाही. समोर असतो तो केवळ एक उतारा किंवा एक कविता, आणि खाली सूचना असते : यावर विश्लेषणात्मक भाष्य लिहा.

वर्षभर घेतलेली टिपणे येथे कामास येत नाहीत. बाजारातले मार्गदर्शक येथे मौन धारण करते. पाठांतरात पहिला येणारा विद्यार्थीही या ठिकाणी बावरतो, कारण त्याच्या हातातली काठी कोणीतरी काढून घेतलेली असते. या प्रश्नाची भीती वाटते ती याच कारणाने. आणि त्याचे मोलही याच कारणात आहे. विद्यार्थी स्वतः वाचू शकतो की नाही, एवढेच हा प्रश्न विचारतो.

महाराष्ट्राच्या माध्यमिक शालान्त परीक्षेत मराठीच्या कृतिपत्रिकेत अपठित गद्याचा उतारा असतो. कवितेच्या विभागात रसग्रहण असते आणि ते आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य व भाषिक वैशिष्ट्ये या तीन अंगांनी करावयाचे असते. मात्र रसग्रहणाची कविता पाठ्यपुस्तकातली असल्यामुळे तिचे तयार उत्तर आधीच हाती पडलेले असते. आय.बी. डिप्लोमासारख्या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमात ही सोय नाही. तेथील साहित्याच्या पहिल्या प्रश्नपत्रिकेत, २०२१ पासून परीक्षेस लागू झालेल्या रचनेनुसार, सामान्य स्तराच्या विद्यार्थ्याला एका अपठित उताऱ्यावर ७५ मिनिटांत लिहावे लागते. उच्च स्तराच्या विद्यार्थ्याला दोन उताऱ्यांवर १३५ मिनिटांत. गुणांची विभागणी चार कसोट्यांवर आहे : आकलन व अर्थनिर्णय, विश्लेषण व मूल्यमापन, मांडणी, आणि भाषा. प्रत्येकीला ५ गुण. या चारही कसोट्यांत लेखकाविषयीच्या माहितीला स्वतंत्र गुण नाहीत, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

या पद्धतीच्या मुळाशी जो प्रयोग आहे, तो शंभर वर्षांपूर्वी इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात झाला. आय. ए. रिचर्ड्स हे तेथील तरुण अध्यापक. १९२०च्या दशकात त्यांनी आपल्या श्रोत्यांना छापील कवितांचे कागद वाटण्यास आरंभ केला. कवितेखाली कवीचे नाव नसे, काळाचा उल्लेख नसे. श्रोत्यांनी त्या कविता घरी नेऊन पुनःपुन्हा वाचाव्यात आणि आठवड्याने आपले मत मोकळेपणाने लिहून द्यावे, अशी योजना होती. या अभिप्रायांचा अभ्यास करून रिचर्ड्स यांनी १९२९ साली 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात १३ कविता आणि त्यांवरील अभिप्रायांची छाननी आहे.

निष्कर्ष धक्कादायक होते. इंग्लंडमधील उत्तम शिक्षण घेतलेल्या त्या तरुणांपैकी अनेकांना कवितेचा सरळ अर्थही लागला नव्हता. कवीचे नाव झाकताच मोठ्या कवींचे मोठेपण दिसेनासे झाले. हॉपकिन्ससारख्या थोर कवीच्या कवितेपेक्षा स्टडर्ट केनेडी यांची सोपी, उत्साही कविता अधिक जणांना भावली. नाव वाचून आदर दाखविणे आणि कविता वाचून तिचे मोल जाणणे, या दोहोंत किती अंतर आहे, ते या प्रयोगाने उघड केले.

रिचर्ड्स येथेच थांबले नाहीत. वाचक कोठे चुकतो याची त्यांनी दहा कारणे नोंदविली. त्यांतील तीन आजच्या विद्यार्थ्यालाही तंतोतंत लागू पडतात. पहिले, सरळ अर्थच न कळणे. दुसरे, वाचकाच्या मनातील खासगी आठवण मध्ये येणे : कवितेत नदी दिसली की आपल्या गावची नदी आठवते आणि उत्तर त्या आठवणीवरच लिहिले जाते. तिसरे, ठरीव प्रतिक्रिया : 'आई' हा शब्द दिसला की ममता, 'शेतकरी' दिसला की कष्ट, 'वृद्ध' दिसला की उपेक्षा. मनात साचे तयारच असतात. उतारा त्यांत ओतला जातो आणि त्याचे स्वतःचे रूप हरवते.

या विवेचनाला उदाहरणाची जोड आवश्यक आहे. पुढील छोटा उतारा या व्याख्यानापुरताच रचला आहे. परीक्षेत तो समोर आला आहे असे समजून त्याकडे पाहावे.

"दुकानाचे दार अर्धे उघडे होते. अण्णांनी तराजूची दोन्ही पारडी फडक्याने पुसली, मग पुन्हा पुसली. काटा मध्यावर उभा राहिला, तरी त्यांनी त्याला बोटाने हलकेच स्पर्श केला. समोरच्या नव्या दुकानातून थंड हवेची एक झुळूक आली. अण्णांनी वजने उतरत्या क्रमाने मांडली : पाच किलो, दोन किलो, एक किलो, पाचशे, दोनशे, शंभर. सर्वांत धाकटे, पन्नासाचे, मात्र त्यांनी मुठीतच ठेवले. सून आतून म्हणाली, 'मामंजी, जेवायला चला.' 'आलोच,' ते म्हणाले, 'एक गिऱ्हाईक यायचं आहे.' भिंतीवरचे घड्याळ दोन दाखवीत होते. ते सकाळीही दोनच दाखवीत होते."

घाईने वाचणारा विद्यार्थी येथे लगेच लेखणी उचलतो. 'या उताऱ्यात जागतिकीकरणाचा लहान व्यापाऱ्यांवर झालेला परिणाम दाखविला आहे,' हे त्याचे पहिले वाक्य. 'घरातील माणसे वृद्धांकडे दुर्लक्ष करतात, हे कटू सत्य लेखकाने मांडले आहे,' हे दुसरे. 'व्यापारात प्रामाणिकपणा असावा, असा संदेश मिळतो,' हे तिसरे. तिन्ही वाक्ये ऐकावयास बरी वाटतात. परंतु प्रत्येकापुढे एक साधा मराठी प्रश्न उभा करावा : कशावरून?

जागतिकीकरण कशावरून? उताऱ्यात समोर एक नवे दुकान आहे, एवढेच. दुर्लक्ष कशावरून? सून तर जेवायला बोलावते आहे, तेही 'मामंजी' अशा आदराने. उपेक्षेचा आरोप तिच्यावर करण्यास उताऱ्यात आधारच नाही. तो वाचकाच्या मनातील साच्यातून आलेला आहे. प्रामाणिकपणाचा संदेश कशावरून? तराजू आहे खरा, पण अण्णा कोणालाच काही विकत नाहीत. तीन वाक्यांत तीनदा विद्यार्थ्याने उताऱ्याऐवजी स्वतःच्या मनातले वाचले.

मग योग्य मार्ग कोणता? प्रथम सरळ अर्थ. कोण, कोठे, केव्हा, काय करतो? एक वृद्ध दुकानदार आपल्या दुकानात तराजू पुसतो, वजने मांडतो, जेवणाचे बोलावणे पुढे ढकलतो. घडते ते इतकेच. काहीच न घडणे हीच येथली घटना आहे, हे ज्याच्या ध्यानात आले, त्याने अर्धी वाट चालली.

यानंतर दुसरे वाचन. पहिल्या वाचनात घड्याळात दोन वाजलेले दिसतात, तेव्हा जेवणाला उशीर झाला असे वाटते. शेवटचे वाक्य येते आणि ते घड्याळ बंद पडलेले आहे हे कळते. 'बंद' हा शब्द उताऱ्यात कोठेही नाही. 'सकाळीही' मधला 'ही' आणि 'दोनच' मधला 'च' या दोन लहानशा अव्ययांनी ते सांगितले आहे. हे कळल्यावर आरंभीचे 'अर्धे उघडे' दार पुन्हा वाचावेसे वाटते. अर्धे उघडे म्हणजे अर्धे मिटलेलेही. शेवट कळल्यावर आरंभ वेगळा दिसू लागतो. म्हणून अपठित उतारा किमान दोनदा वाचल्याविना उत्तरास हात घालू नये.

तिसऱ्या वाचनात पेन्सिल हाती घ्यावी आणि जेथे शब्दाची निवड लक्ष वेधून घेते, तेथे खूण करावी. पारडी पुसली, 'मग पुन्हा पुसली'. धूळ एकदा पुसली की जाते. दुसऱ्यांदा पुसणे हे हातांना काम देणे आहे. काटा मध्यावर उभा राहिला, 'तरी' स्पर्श केला. हा 'तरी' काढून तेथे 'आणि' घालून पाहावे. वाक्य राहते, अर्थ निघून जातो. नवे दुकान डोळ्यांना दिसतच नाही; त्याची केवळ थंड हवा अंगाला लागते. वजने मोठ्याकडून लहानाकडे येतात आणि शेवटच्या वजनाला लेखन 'लहान' म्हणत नाही, 'धाकटे' म्हणते. 'धाकटे' हा शब्द कुटुंबातला आहे. लोखंडाच्या तुकड्यासाठी तो आला की त्या तुकड्याचे नाते ठरते, आणि तो मुठीत का राहिला तेही उमगते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे उताऱ्यात नसलेले शब्द. दुःख, एकाकीपणा, खंत, निराशा, यांपैकी एकही शब्द येथे नाही. निवेदक अण्णांच्या मनात एकदाही डोकावत नाही. तो केवळ हात, वस्तू आणि घड्याळ पाहतो. भावना सांगण्याचे टाळून ती कृतींवर सोपविणे, ही या उताऱ्याची रीत आहे. ही रीत ओळखणे म्हणजेच विश्लेषण.

येथे एक सीमारेषा सांभाळावी लागते. उताऱ्यातून निघणारे अर्थ तीन प्रकारचे असतात. काही स्पष्ट लिहिलेले असतात : अण्णा तराजू पुसतात. काही सुचविलेले असतात : घड्याळ बंद आहे, गिऱ्हाईक फारसे येत नाही. आणि काही निव्वळ निराधार असतात : सून निष्ठुर आहे, दुकान उद्या विकले जाणार आहे. उत्तम भाष्य दुसऱ्या प्रकारात वास करते. नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोक' या ग्रंथात काव्याचे सौंदर्य वाच्यार्थाच्या पलीकडील सूचित अर्थात पाहिले. तो सूचित अर्थही शब्दांच्याच आधाराने उमटतो. आधार सुटला की ध्वनी संपतो आणि कल्पनाविलास सुरू होतो.

कधी कधी एकाच शब्दाला दोन प्रामाणिक अर्थ असतात. 'एक गिऱ्हाईक यायचं आहे,' असे अण्णा म्हणतात. हे गिऱ्हाईक खरोखर ठरलेले असेल. किंवा सुनेला व स्वतःलाही दिलेले ते आश्वासन असेल. उतारा निर्णय देत नाही. विद्यार्थ्याने घाबरून यांतील एक अर्थ दडपून टाकू नये. दोन्ही मांडावेत, आणि शेवटच्या वाक्यातील थांबलेल्या घड्याळामुळे दुसरा अर्थ अधिक बळकट होतो, असे कारणासह नोंदवावे. रिचर्ड्स यांचे शिष्य विल्यम एम्प्सन यांनी अशा अनेकार्थी शब्दयोजनेवरच १९३० साली 'सेव्हन टाइप्स ऑफ अँबिग्युइटी' हा ग्रंथ लिहिला. तेव्हा त्यांचे वय अवघे २४ वर्षांचे होते.

आता प्रत्यक्ष लेखन. वेळेच्या साधारण चौथ्या हिश्शात वाचन आणि आराखडा पूर्ण करावा. उरलेल्या वेळात लिहावे आणि शेवटची पाच मिनिटे तपासणीसाठी राखावीत. आरंभी उताऱ्याचा सारांश देत बसू नये. परीक्षकासमोर उतारा आहेच. आरंभी एक मध्यवर्ती विधान करावे. प्रस्तुत उताऱ्यासाठी ते असे करता येईल : 'काळ पुढे गेलेला असताना आपल्या कामाशी असलेले नाते न सोडणाऱ्या माणसाचे चित्र हा उतारा रेखाटतो आणि त्यासाठी भावनांची नावे टाळून वस्तू व कृती यांचा आधार घेतो.' या एका वाक्यात काय सांगितले आणि कसे सांगितले, ही दोन्ही उत्तरे आली. पुढील परिच्छेदांनी हेच विधान सिद्ध करावयाचे असते. पहिला परिच्छेद कृतींच्या पुनरावृत्तीवर, दुसरा वस्तू आणि त्यांना दिलेल्या शब्दांवर, तिसरा निवेदनाच्या संयमावर व शेवटच्या दोन वाक्यांवर, अशी रचना करता येते. ओळीमागून ओळ अर्थ सांगत गेल्यास भाष्याचा भावानुवाद होतो.

परिच्छेदाची बांधणी तीन पायऱ्यांची असावी : विधान, पुरावा, परिणाम. एक दुबळे वाक्य पाहावे : 'लेखकाने अण्णांचे अतिशय सुंदर व हृदयस्पर्शी चित्रण केले आहे.' हे वाक्य जगातील कोणत्याही उताऱ्याखाली शोभेल. म्हणून ते या उताऱ्याविषयी काहीच सांगत नाही. आता दुसरे पाहावे : 'काटा मध्यावर असूनही अण्णा त्याला स्पर्श करतात. "तरी" या एका शब्दाने ती कृती अनावश्यक ठरते आणि तिच्या अनावश्यकतेतूनच कामावाचून रिकामे राहिलेले हात वाचकाला दिसतात.' येथे विधान आहे, उताऱ्यातला शब्द आहे आणि त्या शब्दाने वाचकावर काय घडविले तेही आहे. हे वाक्य दुसऱ्या कोणत्याही उताऱ्याला लावता येणार नाही. हीच त्याची पारख.

अलंकारांची नावे हा विद्यार्थ्यांचा आणखी एक मोह. उपमा, रूपक, चेतनगुणोक्ती, अनुप्रास अशी यादी दिली की विश्लेषण झाले, असा समज रूढ आहे. अलंकार ओळखणे हे वैद्याने औषधाचे नाव सांगण्यासारखे आहे. ते कोणत्या दुखण्यावर, कसे लागू पडले, हे सांगितल्यावाचून उपचार पुरा होत नाही. नाव आठवले नाही तरी परिणाम सांगता आला तर भाष्य उभे राहते. उलट नाव आठवले आणि परिणाम सांगता आला नाही तर पाटी कोरीच राहते. तसेच उताऱ्याचा लेखक कोण असेल याचा तर्क करण्यात वेळ दवडू नये. तर्क चुकला तर पुढचे सारे उत्तर त्या चुकीच्या नावाच्या ओझ्याखाली वाकते.

आपल्या देशात भाष्य आणि टीका यांची परंपरा फार जुनी आहे. कालिदासाच्या महाकाव्यांवर टीका लिहिणारे कोलाचल मल्लिनाथ सर्वश्रुत आहेत. तीर्थंकर मल्लिनाथांशी त्यांचे केवळ नामसाम्य. हे मध्ययुगातील तेलंगण प्रांतीचे संस्कृत पंडित. टीकेच्या आरंभी त्यांनी स्वतःवर एक बंधन घालून घेतले आहे. मुळात ज्याला आधार नाही असे काही लिहावयाचे नाही आणि ज्याची अपेक्षा नाही असे काही सांगावयाचे नाही, असा त्याचा आशय. रिचर्ड्स यांच्या कितीतरी शतके आधी अपठित उताऱ्याच्या उत्तराचा संपूर्ण नियम या दोन अटींत बसविला गेला होता. पहिली अट निराधार कल्पनेला आवर घालते, दुसरी पाल्हाळाला.

मल्लिनाथांच्या या दोन अटी गुणपत्रिकेबरोबर संपत नाहीत. परीक्षेनंतरचे अवघे आयुष्य अपठित उताऱ्यांनीच भरलेले असते. कर्जाचा करारनामा, विम्याच्या अटी, भागीदारीचा मसुदा, वडिलांच्या मागे उरलेले मृत्युपत्र, भ्रमणध्वनीवर अनोळखी व्यक्तीकडून आलेला आणि पुढे पाठवा असा आग्रह धरणारा संदेश, यांपैकी कशाचेही मार्गदर्शक बाजारात मिळत नाही. तेथेही प्रश्न तेच असतात : हे कोण सांगतो आहे, काय सांगतो आहे, काय सांगण्याचे टाळतो आहे, आणि कशावरून? व्यापारी घरात हिशेबाची वही डोळ्यांत तेल घालून वाचली जाते. त्याच दक्षतेने शब्द वाचण्याची सवय घरातील मुलाला लागली, तर त्याला सहजी फसविता येणार नाही.

आणि याहून मोठी हानी नात्यांत होते. ठरीव साच्याने वाचणारा मनुष्य माणसेही साच्यानेच वाचतो. उताऱ्यातल्या सुनेने एक आदराचे वाक्य उच्चारले, तरी घाईच्या वाचकाने तिला निष्ठुर ठरविले. किती घरांतील किती सुनांच्या, किती सासवांच्या, किती वृद्धांच्या वाट्याला असे न वाचताच दिलेले निकाल येत असतील! समोरच्याचे शब्द आहेत तसे ऐकणे आणि आधारावाचून आरोप न करणे, हा संस्कार भाषेचा एक प्रश्न निमूटपणे शिकवीत असतो.

पालकांसाठी म्हणून एकच सूचना. घरात रोज रात्री दहा मिनिटे एखाद्या पुस्तकाचे वा मासिकाचे कोणतेही एक पान मुलाने मोठ्याने वाचावे. मग त्याला तात्पर्य विचारू नये. 'तुला येथे काय जाणवले?' एवढे विचारावे, आणि उत्तर आले की शांतपणे 'कशावरून?' असे विचारावे. मुलाने पानावरील शब्दावर बोट ठेवले की त्या दिवसाचा अभ्यास झाला. यासाठी वेगळी शिकवणी नको, शुल्क नको. मोठ्यांनी मात्र त्या दहा मिनिटांत तेथे बसले पाहिजे, आणि मुलाने उलट 'कशावरून?' विचारले तर रागावता कामा नये.

येत्या परीक्षेत प्रश्नपत्रिकेवरील तो अनोळखी उतारा समोर येईल, तेव्हा येथे उपस्थित विद्यार्थ्यांपैकी कोणाचीही छाती धडधडू नये. अनोळखी पाहुणा दारी आला तर त्याला बसावयास पाट देऊन तो काय सांगतो ते आधी ऐकून घेण्याची रीत या घरांत आहे. उताऱ्यालाही तोच मान द्यावा. सर्व विद्यार्थ्यांना सुयश लाभो, या सदिच्छेसह व्याख्यानास विराम.